शाहूवाडीचा नारिंगी ठिपका

आमच्या संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला आधी हळदकुंकू लागलं आणि वीज दोन दिवसांनी मिळाली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी ‘कॉम्प्युटर ऑपरेटर’ म्हणून लागले, म्हणजे पत्रं टाइप करायला लागले. त्या एका यंत्रासाठी वेगळी खोली होती, खोलीला एसी होता आणि दारात चपला काढायचा नियम होता. संस्थेचे सचिव पाहुण्यांना ती खोली दाखवायचे, तेसुद्धा काचेतून. आत बसलेली बाई त्यांना दिसायची की नाही, कोण जाणे.

मी मूळची कुरुंदवाडची. घरी धान्याचं दुकान, आई अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारी. मी कसलं काम करते हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ‘काळ्या पाटीवर लिहितीस व्हय? मग मास्तरीणच की तू,’ असं ती म्हणायची. संस्थेतल्या शिकल्यासवरल्या लोकांपेक्षा तिला माझं काम जास्त कळलं होतं असं आता वाटतं.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराला सचिवांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. संस्थेच्या शाखा चार ठिकाणी: कोल्हापूर, कुरुंदवाड, गडहिंग्लज आणि शाहूवाडी तालुक्यात एक. पुण्याहून टाय घातलेला एक इंजिनियर आला आणि त्यानं सांगितलं, की आता शाखांमध्ये कॉम्प्युटर ठेवायचेच नाहीत. तिथं फक्त पडदा, कीबोर्ड आणि पुस्तकाएवढं एक चपटं डबडं. खरे कॉम्प्युटर सगळे कोल्हापुरात, एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात. शाखेतल्या क्लार्कनं सकाळी नाव आणि पासवर्ड टाकला, की कोल्हापुरातला त्याचा डेस्कटॉप तारेवरून त्याच्या पडद्यावर दिसणार. त्याला वाटणार मशीन समोर आहे, पण ते असणार आमच्याकडं.

कल्पना वाईट नव्हती. मला तर ती आवडलीच. पण सचिवांना आवडला तो त्याच्या भाषणाचा शेवटचा पंधरा मिनिटांचा भाग. इंजिनियरनं भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा उमटवला आणि त्यावर चार ठिपके लावले. हिरवा म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे लाइन बंद. आणि नारिंगी म्हणजे कुणाचा तरी डेस्कटॉप कोल्हापुरात चालू आहे, पण त्याच्यासमोर माणूस नाही. सचिव खुर्चीतून उठले. ‘हे माझ्या केबिनमध्ये लागलं पाहिजे,’ म्हणाले. लागलं. मोठा पडदा भिंतीवर आला, तो लावायला जुन्या अध्यक्षांचा फोटो खाली उतरवला गेला.

हे सगळं सांभाळायला माणूस हवा. दहा वर्षं मी तिथंच होते, तरी माणूस म्हणून सचिवांना आपले मेहुणे दिसले. मेहुण्यांना ‘सिस्टीम्स मॅनेजर’ हा हुद्दा मिळाला. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागं ‘पावणं’ म्हणायचे. पावण्यांकडं लॅपटॉपची भारी बॅग होती. एकदा ती टेबलावर आडवी झाली तेव्हा आतून जेवणाचा डबा आणि पेपर बाहेर आला. लॅपटॉप नव्हता.

सिस्टीम चालवायची एक रंगीत खिडकी पडद्यावर उघडायची; पावण्यांना तिच्यात क्लिक करता यायचं, आणि त्यांच्या मते सगळं कामच ते होतं. पण ती खिडकी फार नखरेल. चारही शाखांकडून उत्तर आल्याशिवाय ती उघडायचीच नाही. शाहूवाडीची लाइन गेली, की कुरुंदवाडचं काम करायलाही खिडकी गोठून बसायची. आणि ठिपके पंधरा-पंधरा मिनिटांनी बदलायचे. म्हणजे सचिव भिंतीवर जे बघत होते ते नेहमी मघाचंच असायचं.

मी दुसरी वाट धरली. सर्व्हरवर एक काळा पडदा उघडतो, त्यात आज्ञा टाइप करायच्या. एका ओळीत विचारलं, की गडहिंग्लजला आत्ता कोण कोण बसलंय, याची यादी क्षणात समोर. दुसऱ्या ओळीत अडकलेल्या माणसाला बाहेर काढायचं. तिसऱ्या ओळीत एखाद्या शाखेच्या सगळ्या पडद्यांवर निरोप पाठवायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. आज्ञेच्या पुढं प्रश्नचिन्ह टाकलं की ती स्वतःच स्वतःची माहिती सांगते. ती छापून घेतली, वाचली, चुकत शिकले. चाळीस जणांसाठी पावण्यांना चाळीस वेळा क्लिक करावं लागायचं, मला एक ओळ पुरायची.

एकदा सचिव माझ्या मागं येऊन उभे राहिले. ‘हे काय, अजून डॉसवरच?’ त्यांनी विचारलं. ‘एवढी महागातली सिस्टीम घेतली आणि तुम्ही टायपिंग क्लास चालवताय होय?’ पावणं हसले. मीही हसले. पण माझं हसणं वेगळं होतं. त्या दोघांबद्दल मला इतका तुच्छभाव वाटायचा, की तो दिवसभर पुरायचा, उरायचाही. आणि उरलेला मी कुठं खर्च करायचे, तेच सांगायचं आहे.

शाहूवाडीच्या शाखेत एक क्लार्क होते. पन्नाशी उलटलेले, भाताची शेती असलेले, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागे. मी त्यांना तोंडावर भाऊसाहेब म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही. त्यांचा एक गुन्हा होता: ते कधीच लॉगआउट करायचे नाहीत. काम झालं की उठायचे आणि डबड्याचं बटण बंद करून घरी जायचे. डबडं बंद झालं तरी त्यांचा डेस्कटॉप कोल्हापुरात जिवंतच. सर्व्हरची जागा अडवून बसलेला. असे चार-दोन साठले, की सकाळी बाकीच्यांची कामं रखडायची. आणि भिंतीवर शाहूवाडीचा ठिपका कायम नारिंगी. सचिव पावण्यांना विचारायचे, पावणं मला.

‘भाऊसाहेब, लॉगआउट करायचं असतं. किती वेळा सांगू?’

‘बंद केलतं की, म्याडम! बटण दाबूनच घरी गेलतो.’

‘बटण नव्हे हो. बटणाचा काही संबंध नाही.’

‘बरं बरं. करतो.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दहा वेळा सांगून झालं. मी ठरवून टाकलं, की या माणसाला काही कळत नाही आणि कळणारही नाही. सचिव माझ्याशी ज्या सुरात बोलायचे, त्याच सुरात मी त्यांच्याशी बोलायला लागले. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

डिसेंबरात मी एक आज्ञावली लिहिली. चारही शाखांची यादी घ्यायची, आणि ज्या डेस्कटॉपसमोर अर्ध्या तासाहून जास्त वेळ माणूस नाही तो सरळ बंद करायचा. पहिल्यांदा तिच्यात एक सभ्य ओळ होती. बंद करायच्या आधी ती पडद्यावर निरोप द्यायची आणि मलाही यादी दाखवून थांबायची. ती ओळ मी काढून टाकली. का काढली, तर शाहूवाडीवरचा राग. म्हटलं, एकदा चटका बसू दे, मग शिकतील. दुपारी बारा वाजता एंटर मारलं. काळ्या पडद्यावर सहा ओळी सरकल्या, सहा डेस्कटॉप मेले. पंधरा मिनिटांनी भिंतीवर चार हिरवे ठिपके आले. पावण्यांनी चहा मागवला.

तीन वाजता फोन आला. मी तो आधीच लांब धरला होता. पण आवाज आलाच नाही. मला वाटलं, लाइन कटली.

‘म्याडम,’ भाऊसाहेब हळू म्हणाले, ‘माझी यादी न्हाय ओ दिसत.’

‘कसली यादी?’

‘धावीच्या पोरांची. बोर्डाला द्यायची. तीन दिस झालं टायपतोय. एकशे अठरा पोरं. पोराचं नाव, आईचं नाव, जल्मतारीख, विषय. सगळं गेलं बघा.’

‘सेव्ह नव्हती केली?’

‘न्हाय.’

मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. आणि मी म्हणाले, ‘लाइनचा दोष असेल. तुमच्याकडची लाइन खराबच आहे.’

‘असंल,’ ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ते ओरडले असते तर मी निभावलं असतं. उत्तरं तयार होती. त्यांचा तो मऊ आवाज मात्र दोन दिवस पाठ सोडेना. यादी पाठवायची मुदत जवळ आली होती. तिसऱ्या दिवशी मी ‘शाखाभेट’ असं हजेरीपटावर लिहिलं आणि सकाळच्या एसटीनं मलकापूरची वाट धरली. बांबवड्याच्या पुढं भातं काढून झालेली, मोकळी खाचरं, त्यात म्हशी. शाळा स्टँडपासून बरीच वर होती. भाऊसाहेबांनी मला पहिल्यांदाच पाहिलं. बारीक चणीचे, धुवट शर्टातले गृहस्थ. एवढा आवाज कुठून यायचा, देव जाणे.

‘पायरीला जपा,’ ते म्हणाले. ‘च्या घ्या आदी.’

मी म्हटलं, तुम्ही रजिस्टरमधून वाचा, मी टाइप करते. माझा हात जलद होता. अकरापर्यंत चाळीसेक मुलं झाली. एका मुलीचं आडनाव अर्धं लिहून झालं होतं आणि पडदा काळा झाला. पंखाही थांबला. शेजारच्या वर्गात पोरांनी एकमुखानं ‘हेऽऽ’ केलं.

‘गेली,’ भाऊसाहेब म्हणाले. ‘भारनियमन. आता तीनला.’

‘रोज?’

‘रोज की. कदी अकरा ते तीन, कदी सात ते अकरा. तुमच्याकडं न्हाय व्हय?’

आमच्याकडं जनरेटर होता. कोल्हापुरात वीज गेली तर आम्हाला दिवा लुकलुकल्यावरून कळायचं, तेवढंच. शाहूवाडीत रोज चार-चार तास अंधार होतो हे मी पेपरात वाचलं होतं. पण त्याचा माझ्या यादीशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

‘मग तुम्ही काम कसं करता?’

‘म्हंजे? हितली वीज जाती. कोल्लापूरची कुटं जाती? माझं काम हाय तितंच ऱ्हातंय की. म्हणून तर मी ते बंद करत न्हाय, तुमी म्हणतायसा ते.’ त्यांनी डबड्याकडं बोट दाखवलं. ‘पयल्या दिवशीच बघितलं मी. वीज गेली, आली, नाव टाकलं, तर आदी हुतं तितंच आक्षर. म्हटलं, मशीन लई गुणाचं हाय.’

पुण्याच्या इंजिनियरनं तासभर भाषण केलं होतं, त्यात हे नव्हतं. सचिवांना नकाशा दिसला, पावण्यांना हुद्दा, मला काळा पडदा. त्या सिस्टीमचा आमच्या जिल्ह्यात खरा उपयोग काय, हे एकाच माणसाला पहिल्या दिवशी कळलं होतं. आणि त्यालाच मी दहा वेळा शिकवलं होतं. डेस्कटॉप माणसाशिवाय जिवंत राहतो हे मला माहीत नव्हतं का? सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. फक्त कुणीतरी ते मुद्दाम करत असेल, त्याला तसं करण्याचं कारण असेल, हे विचारायची मला गरज वाटली नव्हती. अडाणी म्हणून शिक्का मारला की प्रश्न विचारावे लागत नाहीत.

‘आणि सेव्ह का करत नव्हता?’ मी विचारलं.

‘मागल्या वर्षी करायला गेलतो. तर विंग्रजीत काय तरी इचारलं त्यानं. यस दाबलं. आन् आदल्या वर्साची यादी पुसली. तवापास्नं ठरीवलं, पुरं झाल्याबिगर हात लावायचा न्हाय.’

त्या अंधाऱ्या खोलीत खिडकीपाशी आम्ही बसलो होतो. त्यांनी घरची भाकरी सोडली, अर्धी मला दिली, वर खर्डा. खाता खाता मी सांगून टाकलं.

‘भाऊसाहेब, लाइनचा दोष नव्हता. मीच बंद केलं.’

त्यांचा घास थांबला. ‘तुमी?’

‘हो. मुद्दाम. आधी निरोप देता येतो, तोसुद्धा दिला नाही.’

त्यांनी भाकरी खाली ठेवली. मग एकदम त्यांचा तो फोनवरचा आवाज फुटला. ‘आवो, दोन दिस मी त्या लाइनवाल्याच्या आईबापाचा उद्धार केला की! त्ये बिचारं खांबावर चढून बघून गेलं! तुमाला द्यायच्या त्या शिव्या त्याला दिल्या मी!’

‘द्या मग आता.’

‘आता काय देतोय. भाकरी वाढल्यावर शिव्या देत न्हाईत.’ मग खर्डा माझ्याकडं सरकवत म्हणाले, ‘पर वाईट केलासा म्याडम.’

‘हो,’ मी म्हणाले.

तीनला वीज आली. त्यांनी नाव आणि पासवर्ड टाकला, दोन बोटांनी, एकेक अक्षर बघून. पडद्यावर यादी उघडली. त्या मुलीचं अर्धं आडनाव, आणि त्याच्यापुढं उघडझाप करणारी रेघ. सर्व्हरच्या बाजूनं मी हजार वेळा पाहिलेली गोष्ट. या बाजूनं पहिल्यांदा पाहिली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून आम्ही यादी पुरी केली. इंग्रजीत कोणता प्रश्न येतो आणि त्याला कुठलं उत्तर द्यायचं, हे मी त्यांना मराठीत लिहून दिलं.

परत आल्यावर मी आज्ञावली बदलली. प्रत्येक शाखेला वेगळा नियम. शाहूवाडीत ज्या डेस्कटॉपवर काम अर्धवट आहे त्याला हात लावायचा नाही. बाकीच्यांना आधी निरोप, मग दहा मिनिटं थांबायचं, मग फोन करायचा. सर्व्हरमध्ये जागा अपुरी पडत होती ती दुसरीकडून काढली. पावण्यांनी स्वतःच्या डेस्कटॉपवर लग्नाचे व्हिडिओ भरून ठेवले होते, ते हलवले. तेवढ्यानं भागलं.

पण भिंतीवरचा ठिपका नारिंगीच राहिला. राहणारच. वीज गेली तरी लाइन टेलिफोनवाल्यांच्या बॅटरीवर चालू, म्हणून लाल नाही; माणूस नाही आणि डेस्कटॉप जिवंत, म्हणजे नारिंगी. मी सचिवांना समजावलं, की हा रंग तिथं चांगला आहे, काम सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ते सगळं ठीक आहे. पण हिरवा कधी होणार?’

जूनमध्ये बाहेरगावच्या दोन मोठ्या संस्थांचे लोक आमची सिस्टीम बघायला येणार होते. तारीख ठरवणाऱ्यानं प्रवेशाचाच दिवस निवडला होता. चारही शाखांत दारापर्यंत रांगा, पालक भिजलेल्या छत्र्या घेऊन उभे, क्लार्क फॉर्म भरून घेताहेत. पाहुणे केबिनमध्ये बसले, काजूची बशी फिरली. भिंतीवर तीन हिरवे, एक नारिंगी; शाहूवाडीत नुकतीच वीज गेली होती. सचिवांनी पावण्यांकडं बघितलं. पावण्यांनी खिडकी उघडली. सुदैवानं, म्हणजे दुर्दैवानं, त्या दिवशी ती पटकन उघडली. त्यात ‘सगळे निवडा’ असं एक बटण होतं आणि त्याशेजारी ‘रीसेट’ असं दुसरं. त्यांनी ती दोन्ही दाबली.

मी माझ्या खोलीत होते. काळ्या पडद्यावर यादी मागितली तर यादी रिकामी. चार शाखा, एकही माणूस नाही. मग फोन सुरू झाले. कुरुंदवाड, गडहिंग्लज, पुन्हा कुरुंदवाड. ‘मॅडम, पडदा गेला.’ ‘मॅडम, पालक ओरडायलेत.’ मी एकेका शाखेला आज्ञा देऊन डेस्कटॉप उठवायला लागले. आधी जिथं रांग मोठी तिथले. एकदम सगळे उठवले असते तर सर्व्हरच बसला असता. पाऊण तास लागला.

तेवढ्या वेळात केबिनमध्ये काय चाललं होतं, ते मला चहा नेणाऱ्या मावशींनी सांगितलं. चारही ठिपके हिरवे झाले होते. साहजिक होतं. कुणी नाहीच, तर तक्रार कुणाची? सचिव हात पसरून म्हणत होते, ‘बघा! एका क्लिकवर पूर्ण जिल्हा हिरवा!’ पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात संस्थेच्या वर्धापनदिनी पावण्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. ‘संस्थेला हिरवा कंदील दाखवणारे’ असं काहीतरी सूत्रसंचालक म्हणाले. सगळ्या शाखांचा स्टाफ बोलावला होता. भाऊसाहेब माझ्या मागच्या रांगेत होते. ते पुढं वाकून माझ्या कानात बोलले, म्हणजे त्यांच्या मते कानात; चार रांगांना ऐकू गेलं.

‘हिरवं हिरवं काय लावलंय? शेवाळ बी हिरवंच असतंय की.’

पावणं स्टेजवर होते, त्यांना ऐकू आलं नसावं. सचिवांना आलं. आठवड्यानं परिपत्रक निघालं: रोज सकाळी अकरा वाजता सर्व शाखांचे डेस्कटॉप रीसेट करावेत. मी तीन पानी टिपण लिहिलं. शाहूवाडीची वीज कधी जाते, तेव्हा काय होतं, अकराची वेळ सगळ्यात वाईट का, सगळं. टिपण परत आलं. त्यावर सचिवांची सही होती आणि एक शब्द: ‘पाहिले.’

परिपत्रक मी पाळलं नाही. दोन महिने रोज अकराला कोल्हापूर, कुरुंदवाड, गडहिंग्लज रीसेट करायचे आणि शाहूवाडी वगळायचे. एक दिवस पावण्यांना नारिंगी दिसला. माझ्याकडं खुलासा मागितला गेला. मी खुलाशाऐवजी राजीनामा दिला. सचिवांनी तो त्याच दिवशी मंजूर केला. एवढ्या तडफेनं त्यांनी दुसरा कुठलाही कागद हातावेगळा केलेला मला आठवत नाही.

मी एका दवाखान्यात लागले. तिथंही सर्व्हर होता, तिथंही काळा पडदा होता, आणि मागं उभं राहून हसणारं कुणी नव्हतं. संस्थेत माझ्यामागं त्या आज्ञा कुणालाच येत नव्हत्या. वर्ष-दीड वर्षात सर्व्हर कोलमडायला लागला आणि शेवटी ती सिस्टीमच काढून टाकली. शाखांना पुन्हा साधे कॉम्प्युटर दिले. दोष सिस्टीमला दिला गेला. पावणं प्रशासन अधिकारी झाले.

त्या पावसाळ्यात भाऊसाहेबांचा दवाखान्यात फोन आला. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

‘म्याडम, ह्ये नवीन मशीन वीज गेली की मरतंय ओ. बॅटरी मागितली तर साहेब म्हणत्यात, लिहून द्या.’

‘मग द्या लिहून.’

‘तीनदा दिलं. वर एकच शब्द लिहून येतोय.’

कुठला, ते मी विचारलं नाही. मी त्यांना सांगितलं, की मुख्याध्यापकांना म्हणावं, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या देणगीतून एक छोटा इन्व्हर्टर घ्या, कुठला ते मी कागदावर लिहून पाठवते. मग बाह्यरुग्ण विभागातून बोलावणं आलं आणि मी फोन ठेवून उठले.